ट्रिएस्टेला जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळात ज्येष्ठांची युरोपची ट्रिप ठरली, तेव्हा माहिती सांगायला हेमचंद्र घैसासकाकांचं नाव पहिल्यांदा गुरुनाथने घेतलं. गुरुनाथ मंडळाचा सेक्रेटरी, पन्नाशीचा, सतत धावपळीत असलेला माणूस. आधी व्हेनिस, मग ट्रिएस्टे, मग स्लोव्हेनियातली तळी असा बेत होता. व्हेनिस सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं. ट्रिएस्टे नक्की कुठे आहे, हे मात्र कुणाला सांगता येईना.

"काका, तुम्हीच इंट्रो द्या ना," तो फोनवर म्हणाला. "क्लायमेट, हिस्टरी, थोडं कल्चर. तुमचं तर येणंजाणं असतं तिथे. मिहीर काय म्हणतोय?"

"मजेत आहे," हेमचंद्र म्हणाले. "देतो की. कधी ते सांग."

फोन ठेवून ते वळले तर त्यांची बायको मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कणीक भिजवत ठेवली होती, ती मळायला आत निघून गेली.

हेमचंद्र ट्रिएस्टेला कधीही गेलेले नव्हते.

पन्नास वर्षांपूर्वी ते पुण्याहून अमेरिकेत आले आणि न्यू जर्सीतल्या पुलांची तपासणी करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुठल्या खांबाला तडा गेलाय, कुठली तुळई कधी बदलायला हवी, यात त्यांचा शब्द शेवटचा असे. मृणालिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होती. उशिरा झालेला एकुलता एक मुलगा मिहीर. हुशार होता, मेडिकलला गेला, आणि तिसऱ्या वर्षाला एक दिवस घरी येऊन म्हणाला, "बाबा, आय अ‍ॅम डन. मला हे नाही करायचं."

हेमचंद्र फार ओरडले नाहीत. ओरडायचा त्यांचा स्वभावच नव्हता. जेवणाचं ताट बाजूला सारून ते म्हणाले, "ठीक आहे. या घरात आता डॉक्टर मिहीर घैसास येतील. दुसरा कुणी यायची गरज नाही."

दुसरा कुणी आलाच नाही. मिहीर एका मित्राबरोबर युरोपात फिरायला गेला आणि ट्रिएस्टेला राहिला. तिथल्या बंदरात तो शिडाच्या लाकडी बोटी दुरुस्त करायला शिकला. आईला कधीमधी फोन करायचा, मग नुसते मेसेज, तेही वाढदिवसापुरते. पुढे त्याचा नंबर बदलला आणि मेसेजही थांबले. मृणालिनीकडे एक पत्ता तेवढा राहिला. दर दिवाळीला ती त्या पत्त्यावर कार्ड पाठवी. ते परत येत नसे, म्हणजे पोचत असणार, असं दोघं धरून चालले होते.

मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारलं होतं, "मिहीर कुठे असतो हल्ली?" तेव्हा हेमचंद्रांच्या तोंडून निघून गेलं, "ट्रिएस्टेला. आम्ही जाऊन येतो ना मधूनमधून." एकदा बोलून गेल्यावर ते निभवावं लागलं. कुणी काही विचारलं तर उत्तर हवं, म्हणून त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली. सुरुवातीला तेवढ्यापुरतीच आणली होती. पुढे त्यांना त्याची सवय लागली. सकाळी चहा घेताना ते फोनवर आधी तिथली हवा बघत. "आज वारा आहे," ते म्हणत. मृणालिनी विचारी, "जोरात?" आणि मग दोघं चहा पीत.

कार्यक्रमाला लायब्ररीचा हॉल भरला होता. हेमचंद्रांनी कोट घातला होता. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायचा हात, बाहीत झाकून घेतला होता. मूत्रपिंडं निकामी झाल्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"ट्रिएस्टे समुद्राकाठी आहे, पण त्याच्या पाठीशी चुनखडीचं पठार आहे," त्यांनी सुरुवात केली. "हिवाळ्यात त्या पठारावरून थंडगार वारा खाली कोसळतो. त्याला बोरा म्हणतात. आभाळ स्वच्छ असताना आला तर उजळ बोरा, पाऊस घेऊन आला तर काळा बोरा. माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून पूर्वी रस्त्यांच्या कडेने दोर बांधून ठेवायचे. धरून चालायला."

मग ते इतिहासाकडे वळले. पाचशे वर्षांहून जास्त काळ हे शहर ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडे होतं. त्या एवढ्या मोठ्या साम्राज्याला समुद्राकडे उघडणारं हे मुख्य दार. बंदर खुलं केल्यावर ग्रीक आले, सर्ब आले, ज्यू आले, प्रत्येकाने आपापलं देऊळ बांधलं. मग पहिलं महायुद्ध झालं, साम्राज्य मोडलं, शहर इटलीकडे गेलं. "आता दार आहे, पण मागचं घरच गेलं," ते म्हणाले. "माझ्या मते त्या शहराची उदासी ती आहे. एवढाले वाडे, एवढाले चौक, आणि ज्यांच्यासाठी बांधले ते कुणी नाहीत."

मग त्यांनी कॉफीचं सांगितलं. तिथे साधी एस्प्रेसो हवी तर 'नेरो' मागायची आणि 'कापो' म्हटलं की थोडं दूध घातलेली मिळते. लोक हसले, वातावरण सैल झालं.

"काका, तुम्ही गेलात की मिहीरकडेच उतरता?" कुणीतरी विचारलं.

"त्याची जागा लहान आहे," हेमचंद्र म्हणाले. "पण उतरतो."

घरी परतताना गाडी मृणालिनी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर, समोरच बघत ती म्हणाली, "मी जाणार आहे त्यांच्याबरोबर."

"माझं डायलिसिस?"

"तुम्ही नाही. मी. तुम्हाला न्यायला सेंटरची व्हॅन येईल, मी बोलले त्यांच्याशी. डबे करून फ्रीझरमध्ये ठेवते."

सिग्नल हिरवा झाला.

ती निघायच्या आधी त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. मिहीरचा पत्ता सान जाकोमो भागातला आहे, तो भाग चढावर आहे, पायी जाऊ नकोस, बस घे. बंदराच्या त्या लांब धक्क्यावर संध्याकाळी लोक फिरायला येतात, तोही असेल. निघताना तिने बॅगेत बेसनाचे लाडू ठेवले, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ज्या दिवशी मंडळी ट्रिएस्टेला पोचली, त्या दिवशी तिचा मेसेज आला, "पोचलो." बरोबर समुद्राचा एक फोटो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काहीच नाही. त्यांनी न राहवून लिहिलं, "भेटला?" उत्तर आलं, "आल्यावर बोलू."

या दोन शब्दांवर त्यांनी उरलेले दिवस काढले. मिहीर तिच्याबरोबर येत असेल, ती आपल्याला चकित करणार असेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्यांनी वरची खोली उघडून खिडक्या पुसल्या. दम लागला म्हणून तिथल्या पलंगावर बसून राहिले.

ती एकटी आली. विमानतळावरून घरी येईपर्यंत गाडीत गुरुनाथ होता, त्यामुळे बोलणं झालं नाही. घरी आल्यावर ती झोपली. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. सुया लागल्या, मशीन सुरू झालं, आणि मग ती स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीजवळ बसली. ते उठून जाऊ शकणार नाहीत अशीच जागा तिने निवडली होती.

"तो तिथे नाही," ती म्हणाली.

"बाहेरगावी गेलाय?"

"राहतच नाही तिथे. सोडून तीन वर्षं होऊन गेली."

मशीन चालू होतं. हेमचंद्रांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"त्या पत्त्यावरच्या इमारतीखाली एक कॉफीचं दुकान आहे. त्या माणसाला इंग्लिश येतं. मिहीरला तो चांगला ओळखायचा. म्हणाला, एका बोटीवर काम मिळालं म्हणून ग्रीसला गेला, तिथून आणखी पुढे गेला असं ऐकलं. कुठे ते माहीत नाही. बंदरात जिथे काम करायचा तिथेही मी गेले. त्यांनाही माहीत नाही."

"आपल्यासाठी काही सांगून ठेवलं होतं?"

मृणालिनी म्हणाली, "मी त्याची आई आहे म्हटल्यावर तो दुकानवाला बघतच राहिला. मिहीरला आईवडील नाहीत, असं त्याला वाटत होतं."

गेल्या फेब्रुवारीत बोरा सुटला होता, तेव्हा हेमचंद्रांनी फोनवर तिथले व्हिडिओ पाहिले होते. माणसं दिव्याच्या खांबांना कवटाळून उभी होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. हा चढावरून कामाला कसा जात असेल, याच विचारात ते होते. आणि तिथे तर कुणीच नव्हतं. जिथे तो खरोखर होता तिथे पाऊस होता की ऊन, हे त्यांना एक दिवसही ठाऊक नव्हतं.

"मग तू परत का आलीस?" त्यांचा आवाज चढला. "थांबायचं होतं. शोधायचं होतं!"

"कुठे?" ती म्हणाली. "सांगा ना, कुठे शोधायचं होतं?"

नर्स लगबगीने आली, ब्लडप्रेशर बघून तिने भुवया उंचावल्या, आणि काही त्रास होतोय का असं विचारलं. "नो, नो. ऑल गुड," हेमचंद्र म्हणाले. मृणालिनी स्टूलवरून उठली आणि त्यांचं सरकलेलं ब्लँकेट पायांवर नीट करून पुन्हा बसली.

नंतर त्यांनी परराष्ट्र खात्याच्या कचेरीत फोन करून चौकशी केली. तुमचा मुलगा सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला काहीही सांगता येणार नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे तो सापडला आणि नको म्हणाला, की सापडलाच नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. तो जिवंत आहे का, एवढं तरी सांगा, असं मृणालिनीने विचारलं. पलीकडच्या बाईने तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. त्या वर्षी दिवाळीचं कार्ड गेलं नाही.

ट्रिपच्या मंडळींचं गेट-टुगेदर ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. हेमचंद्रांना जायचं नव्हतं. न जावं तर लोक विचारतील, म्हणून गेले. गुरुनाथने भिंतीवरच्या टीव्हीला फोन जोडून फोटो लावले होते.

"काका, शब्दन् शब्द खरा निघाला तुमचा!" तो म्हणाला. "ती कॉफी, तो धक्का, सगळं. मिहीरची भेट मात्र हुकली आमची. काकू म्हणाल्या, तो कामासाठी बाहेर गेला होता."

"हो," हेमचंद्र म्हणाले. "त्याचं तसंच असतं."

पडद्यावर एक चढाचा रस्ता आला. दोन्ही बाजूंना उंच, रंग उडालेल्या जुन्या इमारती होत्या आणि समोर सगळी मंडळी हात उंचावून उभी. मृणालिनी अगदी कडेला होती, तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं. गुरुनाथची बायको शोभना उत्साहाने म्हणाली, "अय्या, हा तोच भाग ना? काका, यातलं मिहीरचं घर कुठलं?"

हेमचंद्रांनी मृणालिनीकडे पाहिलं. ती ताटातल्या वरणभातावर लिंबू पिळत होती.

ते खुर्चीच्या हाताला धरून उठले, टीव्हीजवळ गेले, आणि एका इमारतीतल्या अर्ध्या मिटलेल्या हिरव्या झडपांच्या खिडकीवर त्यांनी बोट ठेवलं. "हे. तिसरा मजला."

"वा! मग समुद्र दिसत असेल?"

ते तसेच बोट टेकवून उभे राहिले.

"दिसतो," मागून मृणालिनी म्हणाली. "गॅलरीतून सगळा दिसतो."

"लकी आहे हं तुमचा मुलगा," शोभना म्हणाली, आणि गुरुनाथने पुढचा फोटो लावला. त्यात एक तळं होतं.