सदेहावरचं टिंब

सोजराबाई रोज संध्याकाळी विमानाची वाट पाहत बसते, अशी बातमी संग्रामपूरच्या बाजारात वांग्यांच्या हंगामाबरोबर दरवर्षी पिकते. नवरा सदेह स्वर्गात गेला, आता देव तिच्यासाठीही विमान धाडणार. म्हणून बाई ठसठशीत कुंकू लावून, धुवट लुगडं नेसून तयार असते म्हणे. एका मिरचीवालीनं तर विमानाची घंटाही ऐकली होती. कोणत्या बाजूनं ऐकली, असं विचारलं तर म्हणाली, "आता ते थोडीच समजते बाप्पा? वरून येऊन राह्यली व्हती."

तर ते विमान नव्हे, यष्टी. जळगाव जामोदकडून दिवेलागणीच्या आधी येणारी, दार उघडताना गाढवासारखी ओरडणारी यष्टी. घंटा कंडक्टरची. सोजराबाई तिची वाट पाहते हे खरं, पण बसून कुठं जायचं म्हणून नाही. त्यातून कोण उतरतं तेवढं तिला पाहायचं असतं.

बाजारातही ती थांब्याकडं तोंड करून दुकान मांडते. ऊन थेट डोळ्यांत येतं, वांगी सुकतात, गिऱ्हाईक पाठीमागून ओरडतं, "ओ बाई, इकडं इकता का तिकडं?" ती टोपली मागं सरकवते, पण स्वतः फिरत नाही. घरातली चूलसुद्धा तिनं आतल्या कोपऱ्यातून उचलून दारासमोर आणली. धूर घरात कोंडतो. कोंडू दे.

नवऱ्याचं नाव तुळशीराम. भजनी माणूस. टाळ वाजवता वाजवता डोळे मिटायचा आणि मंडळी एका अभंगात असताना हा दुसऱ्याच अभंगात शिरायचा. महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या शिवरातीला तो सातपुड्यातल्या महादेवाला म्हणून निघाला आणि परत आला नाही. शोधायला गेलेल्यांना वरच्या कड्यावर त्याचं उपरणं सापडलं, नीट घडी केलेलं, घडीवर टाळ.

सगळा घोटाळा त्या घडीनं केला. वाघानं नेलेला माणूस उपरण्याची घडी घालत नाही, गाव म्हणालं. कड्यावरून पडलेला तर नाहीच नाही. मग नेलं कोणी? देवानं नेलं. सदेह नेलं.

"जल्मात कधी घडी घातली नाई त्यानं," सोजराबाई म्हणाली. "सकाळची वाकळ मीच उचलत आली."

हे कोणी मनावर घेतलं नाही. तुळशीराम बऱ्हाणपुरात दिसला असं कोणी म्हणालं की ती बऱ्हाणपूरला जायची. अकोटात दिसला म्हटलं की अकोटला. परत येऊन चुलीपुढं बसायची, उठायची, दारात जायची, पुन्हा बसायची. तिच्या घरी पाहुणा गेला तर त्यालाही दोनदा जागा बदलावी लागे.

अशी काही वर्षं गेली आणि धोंड्याच्या महिन्यात गावानं ठरवलं की धोंडा सरल्यावरच्या एकादशीला कड्यावर तुळशीरामाच्या पादुका बसवायच्या. पादुका बसवायच्या तर आधी त्याचे दिवस घालायला हवेत. दिवस घालायचे तर सोजराबाईचं कुंकू पुसायला हवं. ही साखळी जोडली तिच्या थोरल्या जावेनं, रुखमाबाईनं. रुखमाबाईचा आवाज म्हणजे राखेनं घासलेलं पितळ. ऐकणाऱ्याचे दात आंबतात.

"त्याले देव करायचं अन् तू कुंकू लावून हिंडायची? लोकं का म्हनतीन?"

"का म्हनतीन?"

"म्हनतीन, हा कसा देव? याची बायको अजून याच्यासाठी भाकर थापते!"

"थापते तं. कोनाच्या पिठाची थापते?"

रुखमाबाई गेली ती बांगड्या फोडायचा दिवस ठरवूनच. सोजराबाई त्या रात्री मनगट धरून बसली. मग उठली, आणि दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात पोथीला गेली.

आमच्याकडं पोथीला दोन माणसं लागतात. एक वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. वाचायचा मोतीराम, ओळीच्या शेवटी असा सूर ताणायचा की बाहेरची वासरं दावणीला हिसके द्यायची. अर्थ सांगायचे नारायणराव गुरुजी. पुण्याला शिकून आलेले, त्यामुळे चिमूटभर तपकीर, एक वाक्य, एक "बरं का", पुन्हा चिमूट.

त्या दिवशी धर्मराज स्वर्गाला निघाला होता. मोतीरामानं सूर ताणून वाचलं की तो "संदेह" स्वर्गी गेला.

"थांब, थांब," गुरुजी म्हणाले. "संदेह नव्हे, सदेह. देहासकट, बरं का. हे टिंब कुठून आणलंस?"

"पोथीतच हाय नं. हे पाहा."

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, पान दिव्याजवळ नेलं आणि टिंब नखानं खरवडलं. ते निघालं. "माशीचा प्रसाद आहे. संदेह म्हणजे शंका. या माशीमुळे धर्मराज खाली राहिला असता आणि शंकाच स्वर्गात गेली असती, बरं का!"

मंडळी हसली. हसू विरायच्या आत बायकांच्या बाजूनं सोजराबाई उभी राहिली.

"गुरुजी, धर्मराज जिता गेला?"

"जिवंत. म्हणून तर थोर."

"अन् बायको?"

"द्रौपदी वाटेत पडली. भाऊही पडले. पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मोह सुटला होता, बरं का."

"अन् ते कुत्रं?"

"कुत्र्याला टाकून मी विमानात बसणार नाही, असं तो देवाला म्हणाला."

"म्हंजे कुत्र्यापायी अडला, अन् बायकोसाठी मान नाई वळली."

बायकांत पदर तोंडाला गेले. गुरुजींची चिमूट हवेतच राहिली. "पोथी अशी ऐकायची नसते, सोजराबाई."

"कशी ऐकायची ते सांगा, तशी ऐकते. पन आंदी आमच्या घरचं सांगा. ते सदेह गेले म्हनता. म्हंजे जिते गेले. मंग म्या कुंकू काऊन पुसू? अन् मेले म्हनता, तं पादुका कायच्या? मराले तं गावात कोनीबी मरते."

"गेला तो गेला!" रुखमाबाई मागून कडाडली. "आपल्यासाठी मेल्यासारखाच!"

"मेल्यासारखा अन् मेला, हे दोन येगळे हायेत, बाई. आत्ता एका टिंबावरून धर्मराज खाली राह्यला व्हता."

गुरुजींनी पोथी बांधली. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाले.

दुसरा दिवस गावानं काढला कसाबसा. गुरुजी घरातल्या सगळ्या पोथ्या उलगडून बसले आहेत, जेवले नाहीत, अशी खबर होती. विहिरीवर शेजारच्या पोरीनं, म्हणजे हे लिहिणारीनं, त्यांचा आवाज काढला, "अगं, तपकिरीची डबी कुठे आहे, बरं का?" तर खुद्द गुरुजींच्या बायकोनं घाईनं डोक्यावर पदर घेतला. सगळ्या हसल्या. सोजराबाईही हसली, पण तिचं पोहऱ्यातलं पाणी बाहेर सांडत होतं.

संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी उभं राहून बोलले.

"मी शोधलं. देवानं जिवंत नेलेले आहेत, पुष्कळ आहेत. पण पोथी त्यांच्याबरोबर वर निघून जाते. खाली कोण राहिलं, त्याची चूल पेटली की नाही, हे ती विचारत नाही. पोथीत नसलेला निकाल मी माझ्या पदरचा घालणार नाही. कुंकू सोजराबाईचं आहे. ठेवायचं की पुसायचं, ते तीच ठरवेल. पण शंका आहे तोवर पादुका नकोत. माझ्या हातून तरी बसणार नाहीत."

एवढ्या बोलण्यात ते एकदाही "बरं का" म्हणाले नाहीत.

रुखमाबाई पाय आपटत गेली. "हिच्यापायी गावाचा देव बुडाला!" हे तिचं वाक्य अजून गल्लीत फिरतं. एकादशी आली तशी गेली. कडा तसाच राहिला, कुंकू राहिलं, बांगड्या राहिल्या.

सोजराबाई जिंकली असं म्हणायला सोपं आहे. दिवस घातले असते तर एकदाचं गळा काढून रडली असती आणि चूल पुन्हा कोपऱ्यात नेली असती. आता रोजची यष्टी पक्की झाली. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "सदेह गेला म्हनतात. गेला असंन, पोरी. संदेह मात्र मले ठिवून गेला."

हे ऐकून दुसरं कोणी गप्प बसलं असतं. पण लिहिणारीची जीभ सोळा वर्षांची होती, आणि तुळशीरामकाकाचा आवाज लहानपणापासून तिच्या कानात होता.

"मावशी, पैज लावता का? मांगून काकाचा आवाज काढते. तुमची मान वळतेच."

"सांगूनसवरून काढशीन, अन् मान वळंन?"

"वळंन. नाई वळली तं दसऱ्यापर्यंत तुमच्या वांग्याले पानी मी भरीन. वळली तं तुमच्या परसातल्या झाडाचे सारे कवठं माहे."

"काढ."

लिहिणारी परसात गेली. भिंतीआड उभी राहून आधी काकाचा तो खोकला खोकली, अर्धा गिळलेला. मग दोन वाट्या टाळासारख्या वाजवल्या. मग नाकातून, थोडं लाजत, तुळशीराम बोलायचा तसं: "अवं, आयकलं का? लोटाभर पानी दे."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास परसापर्यंत आला. लिहिणारीनं तोंडातल्या तोंडात कवठं मोजली आणि घराला वळसा घालून धावत पुढच्या दारात आली.

सोजराबाई होती तशीच बसली होती. मान रस्त्याकडं, डोळे रस्त्याकडं.

"हरली तू," ती म्हणाली. "तो येईन तं यष्टीनं, हिकडून येईन. मी कवाची हिकडंच पाहून राह्यली. वळू कुठी?"

"मंग भाकर काऊन जळली?"

सोजराबाईनं काळी भाकरी उलथण्यानं खाली काढली. नवा गोळा घेतला. हाताला पीठ लावायला तिला जरा वेळ लागला.

"पैज मानेची व्हती, भाकरीची नाई. घे ते बादली."