डोंगर समजून गाळलेला पाऊस

चौकच्या बाजूनं माथेरानचा पायथा बघायचा असेल तर भाद्रपद सरताना जा. मी ऐंशीच्या दशकात गेलो होतो, पण हिरवळ बघायला नव्हे. मुंबईच्या एका रडार केंद्रात मी नोकरीला होतो. पडद्यावरचे पावसाचे ठिपके नकाशावर उतरवायचे, त्यावरून पुढच्या काही तासांचा अंदाज रेडिओवर जायचा. उपग्रहाची चित्रंही यायला लागली होती, पण त्यात अख्खं कोकण ढगाखाली. पाऊस नेमका कुठं कोसळतोय ते रडारनंच सांगायचं. आता मेख अशी, की माथेरानचा डोंगरही रडारवर ठिपक्यासारखाच दिसतो, रोज, त्याच जागी. तो गाळायचा असतो. आषाढातल्या एका सकाळी तो ठिपका जरा फुगलेला होता. मी सवयीनं गाळला. रेडिओनं सांगितलं, हलक्या सरी. दोन दिवसांनी पेपरात चार ओळी: चौकजवळ ओढ्याला लोंढा, बाई वाहून गेली. वेळ ताडून पाहिली: मी ठिपका गाळला तीच सकाळ.

दोन महिने कसेबसे काढले, मग रजा टाकली. कर्जतला उतरलो. स्टेशनवरचा बटाटावडा सगळे खातात, मीही घेतला. चौकची एसटी तासाभरानं मिळाली. रस्ता खड्ड्यांचा, दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात. कंडक्टरला ओढा विचारला तर म्हणाला, "त्या धर्माची बायकू गेली तो? फाट्यावर उतरा, तितनं पायवाट हाय." फाट्यापासून वाडी पाऊण तास. चपला नकोत, चिखलात रुततात. घट्ट बूट घाला.

धर्मा ठाकूर अंगणात बांबू सोलत बसला होता. पस्तिशीचा असेल. "मुंबईहून आलोय, हवामानाच्या कामाला असतो," एवढंच म्हणालो. त्यानं घोंगडी टाकली, सासूला हाक मारून कोरा चहा सांगितला. मग आपणहून बोलायला लागला.

"माजी चांगुणा लई भित्री बगा. आमी तिला हसायचो. रेडिओ ऐकल्याबिगर वड्यात पाय नाय टाकायची. त्या दिशी पन ऐकला. हलका पाऊस म्हनाले, तवा लावनीला गेली."

अरे देवा! वाडीत बाकी कुणी रेडिओ ऐकत नव्हतं. जिनं ऐकला, तीच गेली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण आलो कशाला होतो मग? सांगून टाकलं.

"धर्मा, त्या दिवशी रडारवर मीच होतो."

त्याचा कोयता थांबला. "तुमाला दिसला हुता पाऊस?"

"दिसला होता. मला डोंगर वाटला."

त्यानं डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "डोंगर तर हालत नाय, सायेब."

शिवी दिली असती, अंगावर आला असता, तर सोसलं असतं. त्यानं चहाची कपबशी पुढे सरकवली. मी कसाबसा प्यालो. निघताना तो फाट्यापर्यंत पोचवायला आला आणि एसटी दिसल्यावर त्यानं विचारलं, "उद्या सासूला वड्यापल्याड न्यायाचीय. न्यू का?"

माझ्या हातात ना नकाशा, ना पडदा. आभाळ निम्मं मोकळं. भीतीनं तोंडातून निघालं, "उद्या नको."

"बरं, नाय नेत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर. लख्ख ऊन. उपग्रहाच्या चित्रात कोकणावर ढगाचा मागमूस नाही, पडद्यावर फक्त डोंगर, रोजच्याएवढा. तासातासाला बघत राहिलो. संध्याकाळपर्यंत चौकच्या बाजूला थेंब पडला नाही. आता यंत्रं सुधारलीत म्हणतात, डोंगर आपोआप वजा होतो, इशारा फोनवर येतो. चांगलंच आहे. मी त्या फेरीनंतर वरिष्ठांकडे अर्ज केला आणि पडद्यासमोरची जागा सोडली. निवृत्तीपर्यंत कागद लावत बसलो. वाडीत पुन्हा जायची हिंमत झाली नाही. म्हातारीला पलीकडे कशासाठी न्यायचं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.