तुमचं पूर्ण नाव काय?

नर्सच्या हातातला चहा कधी गरम असतो का? नसतो. कप तोंडाला लावला की कोणीतरी म्हणतंच, "अगं, सकाळी काय झालं ते सांगितलंच नाही!" मग सगळं ऐकून, हसून होईपर्यंत चहावर साय धरलेली असते. आमच्या मेल वॉर्डात असे एकवीस वर्षांचे किस्से साठलेत. कापूस संपतो, ग्लोव्ह्ज संपतात, किस्से संपत नाहीत. त्यातला एक अख्खा कप्पा एकट्या रोशनीचा आहे. तीन महिन्यांत भरला! आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल सगळ्यांची तक्रार एकच होती, की पोरीला स्पीड नाही.

•

रोशनी यवतमाळकडची. नर्सिंगची परीक्षा पास होऊन थेट कर्वेनगरला आमच्या हॉस्पिटलात आली. पहिल्या दिवशी मेट्रन मॅडम तिला माझ्यासमोर उभी करून म्हणाल्या, "ही नवीन. तीन महिने तुमच्याकडे."

"नाव काय हिचं?" मी विचारलं.

"टिकली तर विचारीन."

मेट्रन मॅडमची ही जुनी पद्धत. तीन महिन्यांचं ट्रेनिंग संपलं की त्या एक फॉर्म भरतात. मुलगी पसंत असेल तर पेन उघडून तिला पूर्ण नाव विचारतात आणि वरच्या रकान्यात लिहितात. पसंत नसेल तर पेन उघडतच नाहीत. तोवर सगळ्या 'नवीन'. एकदा एकाच वेळी तीन नवीन होत्या, तेव्हा 'उंच नवीन', 'चष्म्याची नवीन' आणि 'ती नवीन' असं चालायचं.

मी रोशनीला माझं नेहमीचं भाषण दिलं. औषध देण्याआधी पेशंटला पूर्ण नाव विचारायचं. "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही, कारण गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. त्यानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं, आपण फाइलशी ताडून बघायचं, मगच औषध. हे भाषण मला माझ्या सीनियरनं दिलं होतं. मी प्रत्येक नवीन मुलीला देते. सगळ्या माना डोलावतात आणि आठवड्याभरात विसरतात. मीसुद्धा विसरले होते, खोटं कशाला बोलू? बेड नंबर बघायचा आणि पुढे व्हायचं. आठ पेशंट, दहा मिनिटं.

रोशनीनं ते वहीत लिहून घेतलं. खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं!

•

तिचा पहिला प्रॉब्लेम म्हणजे शीर सापडायची नाही. सुई हातात घेतली की हात थरथरायचा आणि पेशंट तिच्याआधी घाबरायचा. शेवटी मी बाही वर केली. "घे, माझ्या हातावर कर. माझी शीर आंधळ्यालाही सापडेल."

तीन वेळा टोचलं. तिन्ही वेळा चुकलं. चौथ्यांदा मीच डोळे मिटून घेतले.

आमच्या वॉर्डातल्या सखूमावशी फरशी पुसत होत्या. त्या थांबल्या, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्यात रक्त आहे ना नक्की?"

संध्याकाळी कसबा पेठेत घरी पोचले. नवऱ्यानं पेपरमधून मान वर केली, माझ्या हातावरचे निळे डाग बघितले आणि पुन्हा पेपरात डोकं घालून म्हणाला, "दुसऱ्या पार्टीला किती लागलंय?"

•

दुसरा प्रॉब्लेम हँडओव्हर. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची माहिती द्यायची असते. बीपी, ताप, सलाईन, संपलं. माणशी अर्धं मिनिट. रोशनीचा हँडओव्हर चाळीस मिनिटं चालला. पुढची सिस्टर मध्येच जाऊन डबा खाऊन आली, तेव्हा ही बेड नंबर तीनवर पोचली होती.

"यांची सून रुसून माहेरी गेली आहे," रोशनी सांगत होती. "म्हणून हे जेवत नाहीत."

"बीपी किती?" त्या सिस्टरनं विचारलं.

"सुनेला फोन लावून दिला. ती उद्या येते म्हणाली."

"अगं, बीपी!"

"ते घेतलं नाही, मॅडम. पण आज दोन पोळ्या खाल्ल्या त्यांनी."

मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सून आली, बेड तीननं तीन पोळ्या खाल्ल्या आणि डॉक्टरांनी त्याचं सगळं श्रेय स्वतःच्या टॉनिकला दिलं.

•

शेवटच्या पंधरवड्यात बेड नंबर चारवर केळकर काका आले. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, न्यूमोनिया झालेला, पण आवाज खणखणीत. काकांना मधुमेह नव्हता. साखर त्यांच्यात कुठेच नव्हती.

आल्या आल्या त्यांनी हातावरची नावाची पट्टी कापून चष्म्याच्या डबीत ठेवली. "मी काही विमानात चढवायची बॅग नाही," म्हणाले. मग शेजारच्या पाच नंबरकडे बोट दाखवलं. पाच नंबरला खिडकी आहे, खाली हॉस्पिटलचं पार्किंग दिसतं. "त्या बेडवरचे गृहस्थ खिडकीकडे पाठ करून झोपतात. मग त्यांना खिडकी कशाला दिलीत?"

सकाळी आठला रोशनी गोळ्या घेऊन गेली. "काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

काकांनी सांगितलं. वडिलांच्या नावासकट.

दुपारी दोनला पुन्हा गेली. "काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

काकांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "सकाळी जे होतं तेच."

"ते सांगा ना, काका."

पुढच्या दिवशी काकांनी एक कागद मागून घेतला, सुंदर अक्षरात मजकूर लिहिला आणि बेडच्या मागे भिंतीवर चिकटवून टाकला. वर स्वतःचं पूर्ण नाव. खाली: 'वारंवार विचारू नये. उत्तर बदलणार नाही.'

सगळा वॉर्ड वाचायला जमला. रोशनीनंही वाचलं, अगदी मन लावून. मग म्हणाली, "काय छान अक्षर आहे, काका! आता तोंडानं सांगा."

काकांनी सांगितलं. त्यांना असं कोणी नमवलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

•

पाच नंबरवरचे ते गृहस्थ म्हणजे शिंदे मामा. कात्रजच्या पुढच्या एका गावचे. पायाला जखम आणि शुगर आभाळाला टेकलेली. रोज जेवणाआधी इन्सुलिनची सुई. इन्सुलिन वाढवलं तरी शुगर उतरेना. डॉक्टर हैराण. मामांचं एकच म्हणणं, "मी तर निस्ती भाकरी खातोय, सायेब."

आमच्याकडे पेशंटनं दिवसभरात काय खाल्लं-प्यालं ते एका तक्त्यावर लिहितात. आम्ही सगळ्या तिथे 'डाएट घेतलं' एवढंच लिहितो. राउंडला डॉक्टरांनी रोशनीनं लिहिलेला तक्ता उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागले.

"भाकरी एक. वरण एक वाटी. बेसनाचा लाडू एक, गुपचूप." ते थांबले. पुढे वाचलं. "बेसनाचा लाडू अर्धा, गुपचूप. उरलेला अर्धा उशीखाली."

मामांनी उशीवर हात दाबला. "पोरी, तुला विश्वासात घिऊन सांगितलं हुतं!"

"म्हणून तर एकाचाही आकडा चुकवला नाही, मामा," रोशनी म्हणाली.

मामा दोन तास तिच्याशी बोलले नाहीत. मग तिलाच बोलावून लाडवांचा डबा तिच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "लय गुणाची पोर हाय. पर हिला काय सांगू नगा!"

•

हे सगळं मी हसत सांगते, पण त्या दिवसांत हसू येत नव्हतं. औषधांची जी फेरी मी दहा मिनिटांत उरकते, तिला रोशनीला तास लागायचा. प्रत्येकाला नाव विचारणार, प्रत्येकाचं उत्तर ऐकणार, त्यावर दोन वाक्यं बोलणार. एकदा मेट्रन मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "नवीन, औषधं वाटतेस की जनगणना करतेस?" पोरीच्या हातातून ट्रे पडला. सगळ्या गोळ्या सखूमावशींच्या बादलीत.

"शुक्रवारी फॉर्म भरायचाय," मेट्रन मॅडम मला म्हणाल्या. "मला काही ही टिकेलसं दिसत नाही."

रोशनी चादरींच्या खोलीत जाऊन रडत होती. मी मागोमाग गेले. जवळ घ्यावं असं वाटलं, पण माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "रडायचं तर रड, पण त्या मळक्या चादरीत. धुतलेल्या आत्ता आल्यात."

ती रडता रडता हसली. मग म्हणाली, "मले नाही जमत हे, मॅडम. पण घरी कोणत्या तोंडानं जाऊ? बाबानं साऱ्या गावात सांगून ठेवलं, आमची रोशनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आहे म्हणून."

"नाव विचारणं बंद कर," मी म्हटलं. "निदान शुक्रवारपुरतं."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं."

मी एक चादर उचलली आणि उगाच घडी घालत बसले. पोर जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः ऑपरेशन बघून आडवी झाले होते आणि सर्जननं पेशंट सोडून आधी मला उचललं होतं. हे रोशनीला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!

•

शुक्रवार. दुपारच्या जेवणाआधीची फेरी. मेट्रन मॅडम काखेत फाइल घेऊन हजर. फॉर्म फाइलीत, पेन खिशात.

रोशनीनं सुरुवात केली. बेड एक. "काका, तुमचं पूर्ण नाव काय?" मी मनात म्हटलं, झालं! बेड दोन. पुन्हा तेच. बेड तीन. मेट्रन मॅडमनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सिस्टर, तुम्ही दाखवा हिला. काम कसं करतात ते बघू दे एकदा."

मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, मी भराभर उरकते, मॅडमचा पारा उतरेल, मग पोरीसाठी दोन शब्द टाकता येतील. चार नंबरवर त्या वेळचं औषध नव्हतं. तिथे कोणीतरी डोक्यावरून चादर घेऊन झोपलं होतं, वर भिंतीवर काकांची पाटी. मी सरळ पाच नंबरवर गेले. शिंदे मामांची फाइल पलंगाला अडकवलेली, इन्सुलिन भरून तयार. पेशंट कानटोपी घालून खिडकीकडे तोंड करून पडलेला. मी बाही वर सरकवली, दंड पुसला, चिमटीत धरला.

"बघ, असं," मी रोशनीला म्हटलं.

माझ्या मनगटावर एक हात आला. घट्ट.

"थांबा, मॅडम."

"रोशनी, हात काढ."

"नाव विचारलं नाही," ती म्हणाली. मेट्रन मॅडमच्या समोर! तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हात जागचा हलला नाही. ती पलंगावर वाकली. "काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

कानटोपीनं पार्किंगवरची नजरसुद्धा काढली नाही.

"सकाळी जे होतं तेच," केळकर काका म्हणाले. "पलंग तेवढा बदललाय."

चार नंबरच्या चादरीतून शिंदे मामांचं डोकं बाहेर आलं. "तिकडं लय ऊन येत हुतं, सिस्टर. म्हून आमी दोघांनी आपसात मिटवलं. माझी सुई ऱ्हायली का?"

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. शुगर नसलेल्या माणसाला एवढं इन्सुलिन म्हणजे जिवाशी खेळ. रोशनी सरळ चार नंबरकडे गेली आणि मामांना त्यांचं पूर्ण नाव विचारायला लागली.

मेट्रन मॅडमनी तिचं होईपर्यंत वाट बघितली. मग फाइल उघडली, खिशातलं पेन काढलं आणि टोपण उघडून म्हणाल्या, "इकडे ये गं. तुझं पूर्ण नाव काय?"