कीबोर्डवरच्या टिकल्या

एकच पान चार ब्राउझरमध्ये उघडायचं आणि कुठे काय बिघडतंय ते शोधून काढायचं, याचा मला पगार मिळतो. गोव्यात, पर्वरीतल्या एका कंपनीत बरीच वर्षं मी हेच काम करते. त्यामुळे दुसऱ्याच्या घरी गेले तरी माझे हात शिवशिवतात. कुणाचा कॉम्प्युटर हळू चाललेला दिसला की मला चहा गोड लागत नाही. "जरा सरक," म्हणते आणि बसते. वहिनी म्हणते, तू पाहुणी कमी आणि मेकॅनिक जास्त. तिचं खरं आहे. मी हट्टी आहे, आणि माझं बरोबर निघालं की ते चारचौघांत सांगायलाही मला आवडतं.

त्या वर्षी एक नवा ब्राउझर आला होता. सगळे वापरतात त्या तीन जुन्यांशी त्याची तुलना करणारा लेख मी कंपनीच्या संकेतस्थळासाठी लिहिला. सगळ्यांत वर माझा टीचभर फोटो, त्याच्याखाली नाव. नवा ब्राउझर हलका होता, जाहिराती दारातच अडवत होता, आणि मराठी मजकूर स्वच्छ आवाजात वाचून दाखवत होता. जुन्यांपैकी एकालाही ते धड जमत नव्हतं. एक तर असं मराठी वाचायचा की ऐकणाऱ्यालाच सर्दी व्हावी. नव्यात बटणांच्या जागा मात्र सगळ्या बदललेल्या होत्या. त्यावर मी शेवटी एक वाक्य ठोकून दिलं, की नव्या जागांची सवय दोन दिवसांत होते. लेखाची लिंक बाबांना पाठवली. "बघितलंय," एवढंच ते फोनवर म्हणाले. बाबांना ब्राउझरच्या तुलनेत काय गोडी असणार, म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही.

बाबा डिचोलीला एका खाण कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या गावाहून, चोपड्याहून, पहिल्या बसने जायचे आणि संध्याकाळी कॉलरीत लाल धूळ घेऊन परतायचे. सुट्टीत कधी मला बरोबर न्यायचे. मी त्यांच्या हातांवर टॉवेल टाकायची आणि त्याखाली ते अख्खं पत्र बिनचूक टाइप करायचे. साहेबलोक कौतुकाने बघायला यायचे. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे, आणि मला वाटायचं, जगात याहून मोठी जादू नाही.

म्हातारपणी त्यांना काचबिंदू झाला. उजवा डोळा गेलाच. डाव्याने नळीतून बघावं तेवढंच, मधलं थोडं दिसायचं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जितके दिवस टिकेल तितके दिवस, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हळूहळू त्यांची सगळी कामं दुसऱ्यांच्या हाती गेली. शर्टाची बटणं दादा लावायचा. माशाचे काटे वहिनी काढून द्यायची. एकच गोष्ट ते कुणाला करू देत नव्हते. सकाळचा चहा झाला की आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर अर्धा तास एकटे बसायचे. वर्तमानपत्र वाचतात, असं दादा सांगायचा. मलाही तेच वाटायचं, आणि तो अर्धा तास आपण आणखी सोपा करून द्यायचा, असं माझ्या डोक्यात बसलं.

चवथीला, म्हणजे गणपतीत, मी चार दिवसांची सुट्टी काढून गेले. एरवी माझं जाणं सणासुदीलाच. घरात साफसफाई, रंगरंगोटी उरकत आली होती. बाहेरच्या खोलीत दादा स्टुलावर चढून गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधत होता आणि बाबा खाली बसून एकेक फळ हातात घेऊन त्याला देत होते. आंबाडे, माटुळिंग, सुपारीचा घोस. एकाही फळाकडे त्यांनी बघितलं नाही, बोटांनी चाचपलं आणि नाव सांगून वर दिलं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि बाबांची गंमत म्हणून सोडून दिलं.

ते तिकडे गुंतलेत तोवर आपण त्यांचा कॉम्प्युटर चवथीला शोभेल असा करूया, म्हणून मी आतल्या खोलीत शिरले. कीबोर्डची अवस्था बघून मला शिसारी आली. धूळ तर होतीच, वर तीन बटणांवर मखमली टिकल्या चिकटवलेल्या. गडद तांबड्या, आई लावायची तसल्या. आईला जाऊन सात वर्षं झाली होती, तिचं एक पाकीट अजून कपाटात होतं हे मला ठाऊक होतं. हा दादाच्या लेकीचा प्रताप, असं मी ठरवून टाकलं. नखाने टिकल्या खरवडल्या, डिंक स्पिरिटने पुसला. मग नवा ब्राउझर घातला. जुन्यात वरच्या पट्टीवर तीन खुणा साठवलेल्या होत्या. पहिली वर्तमानपत्राची, दुसरी भरती-ओहोटीच्या वेळांची. तिसरी माझ्याच कंपनीची कसलीशी लिंक होती. मागच्या खेपेला मीच काही तपासताना ठेवली असणार, असं समजून ती गाळली आणि पहिल्या दोन नव्यात आणल्या. जुन्याचं चित्र पडद्यावरून काढून टाकलं.

दुपारी बाबांना खुर्चीत बसवलं आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख लावून दिला. नवा ब्राउझर घडाघडा वाचू लागला. वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आता डोळ्यांक त्रास नाय. तू नुसतो आयक," मी म्हटलं.

बाबांची बोटं कीबोर्डच्या वरच्या ओळीवरून एकदा डावीकडून उजवीकडे गेली, मग परत आली.

"माका जुनो जमता गो," ते म्हणाले.

"जुनो हळू आसा. ह्येची सवय दोन दिसांत होतली."

माझंच लेखातलं वाक्य मी त्यांना ऐकवलं. बाबा हसले. "तू म्हणतंस तर बरोच आसतलो," म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी! परतीच्या वाटेवर चोपड्याचा पूल ओलांडताना मी बसमधून मैत्रिणीला फोन करून सांगितलं, की आमच्या घरातही नव्याने जुन्यांवर मात केली.

त्यानंतर दर रविवारी मी फोन करायची. "ब्राउझर कसो आसा?" विचारायची. "बरो आसा. फास्ट आसा," बाबा म्हणायचे. फास्ट हा शब्द ते खास माझ्यासाठी वापरायचे, हे आता कळतं. दिवाळीला कंपनीत काम निघालं म्हणून जाणं झालं नाही. पुढे तर काही कारणही लागलं नाही.

शिगम्याला, होळीच्या सणाला, रविवारपर्यंतची सुट्टी काढून गेले तेव्हा कॉम्प्युटरवर चादर घातलेली होती. चादरीवर इस्त्रीचे कपडे रचलेले. आणि बाबा ओटीवर बसले होते ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले, पण जरासे चुकून, माझ्या खांद्यापलीकडे बघत. डावा डोळाही गेला होता. महिना झाला होता. तिला कामाच्या गडबडीत कळवू नको, असं त्यांनीच दादाला बजावलं होतं.

मी स्वयंपाकघरात वहिनीवर उखडले. चादर कशाला घातली, निदान ऐकायला तरी बसवायचं की नाही त्यांना? वहिनी शांत बाई आहे. तिने गॅस बारीक केला.

"तू गेल्यार चार-पाच दिस बसले ते," ती म्हणाली. "बटणां चाचपीत ऱ्हवत. काय उघडूक येय ना. एकदा माका विचारल्यानी, टिकल्यो खंय गेल्यो? म्हटलं, ताईन काढल्यान. तर म्हणाले, ऱ्हांव दी, तिका सांगू नको. तिना हौसेन केल्यान."

"टिकल्या बाबांनी लावलेल्या?"

"मगे? सासूबायच्या पाकिटातल्यो."

चवथीपासून शिगम्याच्या आदल्या महिन्यापर्यंत त्यांचा डोळा होता, थोडासा का असेना, होता. ते सगळे महिने मी पुसून टाकले होते, नखाने खरवडून, वर स्पिरिट लावून. आणि दर रविवारी फोन करून त्याची पावती मागत होते.

मग जे सुचलं ते केलं. कपडे उचलले, चादर काढली. जुना ब्राउझर आतच होता, मी नुसतं त्याचं चित्र काढलं होतं. तो परत वर आणला. तीनही खुणा जागच्या जागी होत्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आईच्या पाकिटात चार टिकल्या उरल्या होत्या. बाबांना हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "बाबा, खंय लायू तां सांग."

"आता कित्याक गो?" ते म्हणाले.

पण बोट पुढे केलं. वरच्या ओळीतलं एक बटण, उजव्या बाणाचं एक, आणि अधिकच्या खुणेचं एक. मी टिकल्या चिकटवल्या. बाबांनी प्रत्येकीवर अंगठा दाबून पाहिला, नीट बसली की नाही ते. मग त्यांचे हात आपोआप जागेवर गेले, टॉवेलखाली जायचे तसे. मान ताठ झाली. वरची टिकली, मग बाण, पुन्हा बाण. पहिल्या खुणेवर ते थांबले नाहीत, दुसरीवरही नाहीत. तिसरीवर एंटर दाबलं.

माझा लेख उघडला.

मला वाटलं, बाबा चुकले. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी डाव्या करंगळीने कोपऱ्यातलं बटण धरलं आणि उजव्या हाताने अधिकची टिकली दाबायला सुरुवात केली. ओठांत मोजत होते. एक, दोन, तीन. अक्षरं मोठी होत पडद्याबाहेर गेली, मजकूर गेला, नाव गेलं. आठव्या वेळी पडद्यावर फक्त माझा फोटो उरला. काठापासून काठापर्यंत माझा चेहरा, ठिपक्याठिपक्यांचा झालेला.

वर्तमानपत्र त्यांना वहिनी वाचून दाखवायची, जेवणानंतर. ते मला तिने नंतर सांगितलं. सकाळचा अर्धा तास याच्यासाठी होता. नळीएवढं दिसत होतं, त्या नळीतूनही ओळखू येईन एवढं त्यांनी मला मोठं करून घेतलं होतं. आणि चार ब्राउझरची तुलना करून, वेग मोजून, आवाज ऐकून, मी त्यातून स्वतःलाच गाळलं होतं.

"लागलां मगे पान?" बाबांनी विचारलं.

"लागलां."

त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पडद्याकडे तोंड करून बसले. मी त्यांच्या डाव्या हाताला, एक वीत अंतरावर होते. मला रडू आवरेना. त्यांचा हात धरून मी म्हटलं, "बाबा, मी हांगा आसंय. तुज्या बाजूक."

"आसंस गो," ते म्हणाले. माझा हात त्यांनी थोपटला, पण मान वळवली नाही. "पण तू आयताराक जातलंस."