अकरा सॅलॅमँडर आणि एक फिर्याद

सांगायला लाज वाटते, पण मी नाही सांगितलं तर देवरीच्या बसस्टँडवरचा कोणीही सांगेल. आणि तो तिखटमीठ लावून सांगेल! त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी, गार होतोय.

तीस वर्षं बातमीदारी केली. साहेब लोक ओरडले, ठेकेदारांनी धमक्या दिल्या, पण माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागला नाही. एकाही! कोणी न विचारताही मी हे सांगायचो.

गेल्या वर्षी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, मंगळवारी, चिचगडकडे गेलो होतो. एका बोडीची पाळ खचल्याची तक्रार होती. बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतापुरता छोटा तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. ही बोडी तक्रार करणाऱ्या लक्ष्मणरावकाकांच्या पणजोबांनी खोदलेली. काका मला पाळ दाखवत होते आणि माझं लक्ष गेलं खालच्या डबक्याकडे.

चार पाय, लांब शेपटी, काळपट ओलं अंग! मोजले. अकरा.

 मी प्राणीशास्त्राचा पदवीधर आहे, बरं का! पुस्तकातलं चित्रच डोळ्यांपुढे उभं राहिलं. सॅलॅमँडर! आपल्या देशात हा प्राणी सापडतो तो थेट पूर्व हिमालयात. आणि इथे चिचगडला?

"काका, हे काय आहे, माहीत आहे का?"

"बेंडकाचे पिल्लं होत भाऊ."

"बेडकाला कधी शेपटी असते का?"

"मोठ्याले नसते. हे लहान होत."

"आणि लहानाला चार-चार पाय?"

काकांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "मंग मोठे होऊन कुदतीन कशानं?"

 ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या पाळीवर गेलं, त्याला मी शिकवत होतो! "काका, सायन्स वेगळं असतं," असं म्हणून मी जेवणाचा डबा धुतला, पाणी भरलं आणि अकराही जणांना देवरीला घेऊन आलो.

घरी कपडे भिजवायचा टब रिकामा केला. तळाला बोडीचा गाळ, मधे सावलीला एक कवेलू, म्हणजे छपराचं कौल. हिमालयातला प्राणी आमच्या उकाड्यात जगणार कसा, म्हणून शेजाऱ्यांच्या फ्रिजमधून बर्फ आणून सोडला.

बायको, सुमन, दारात उभी राहून बघत होती. "अहो, बेंडकायले बरफ काऊन देऊन राहिले?"

"सॅलॅमँडर आहे तो."

"माह्या माहेरी ढिगानं राहते. आमी तं बेंडूकच म्हणतो."

मग मी वनखात्याच्या साहेबांना फोन लावला. फोटो पाठवले. साहेब गोड बोलले, "बेडकाची पिल्लं दिसतात हो. चार दिवस थांबा, आपोआप कळेल."

थांबा? मला? अहो, तीस वर्षांत ज्या-ज्या साहेबानं मला थांबायला सांगितलं, त्याच्याकडे काहीतरी दडलेलं निघालं! पूल वाहून गेला तेव्हाही हेच, धान्य सडलं तेव्हाही हेच. साहेब 'नाही' म्हणाले की आमच्या धंद्यात बातमी पक्की झाली समजायची. बसलो आणि लिहून काढली: 'देवरी तालुक्यात दुर्मीळ सॅलॅमँडर! वनविभाग मात्र झोपेत!'

पहिल्या पानावर आली, माझ्या नावासकट. संपादकांनी फोन करून सांगितलं, "रविवारी गोंदियाहून प्राणीशास्त्राचे प्राध्यापक येताहेत बघायला. त्यांनी शिक्का मारला की राज्यभर छापू. आणि उलट निघालं, तर खुलासा तुमच्याच नावानं."

"उलट निघणार नाही!" मी गरजलो.

गुरुवारपासून घरात जत्रा! लोक येत, वाकून बघत, "भाईसाब, ये काटता है क्या?" विचारत. मी टबाशेजारी खुर्ची टाकून माहिती देत असे. खरं सांगू? इतका आनंद मला कुठल्याच बातमीनं दिला नव्हता. इवलेसे ओले हात, कवेलूवर चढून बसणं, आपल्याकडे टकामका बघणं! मी तर त्यांच्याशी बोलायला लागलो होतो.

फक्त एक काळजी होती. ते काही खाईनात. गांडुळं दिली, किडे दिले, पिठाच्या गोळ्या दिल्या. तोंड लावेनात.

"बेमुदत उपोषण करून राहिले का तुमचे पाव्हणे?" सुमन म्हणाली. "निवेदन तरी घ्या त्याहीचं."

शुक्रवारी शेपट्या आखूड वाटल्या. शनिवारी आणखी आखूड. मी ताडलं, बर्फ कमी पडतोय! सकाळ-संध्याकाळ दुप्पट बर्फ टाकला.

रविवारी सकाळी टबावरची जाळी काढली, तर आत अकरा बेडूक!

सॅलॅमँडर एकही नाही!

माझं डोकंच फिरलं. प्राध्यापक बारा वाजता येणार, आणि ऐन वेळी माल गायब! हे कोणाचं काम असणार, सांगा? ज्याला मी पहिल्या पानावर झोपलेला म्हटलं, त्याचंच! रातोरात माझे प्राणी उचलले आणि बेडूक ठेवून गेले. पुरावा नष्ट!

सुमन कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, जाऊ नका." मी टब उचलला, जाळी बांधली, ऑटोत ठेवला आणि थेट पोलीस ठाणं गाठलं.

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "किती चोरीले गेले?"

"अकरा."

"आन् चोरानं ठेवले किती?"

"अकरा."

"लय इमानदार चोर आहे साहेब. आमाले असा एकही नाही भेटला."

"चेष्टा करू नका! लिहून घ्या!"

"लिहितो नं. माल तं पाहू द्या." त्यांनी जाळी सोडली, आणि बेडकांनी ठाण्यात उड्या घेतल्या. एक टेबलावर, एक टोपीवर, दोन थेट लॉकअपमध्ये! सगळं ठाणं बेडूक पकडत होतं. टबात एकच उरला, कवेलूवर बसलेला. हवालदारांनी त्याला तळहातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

बेडूकच. पण मागे बोटभर नाही, नखाएवढी शेपटी अजून शिल्लक!

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "याले बदलवता बदलवता चोर थकला का?"

आणि तेव्हा, मित्रहो, भर ठाण्यात मला कॉलेज आठवलं. परीक्षेत बेडूक कापून मी पास झालो होतो. बेडूक वाढतो कसा, तो धडा ऑप्शनला टाकला होता!

प्राध्यापकही माझ्या शोधात तिथेच आले. पकडून परत टबात टाकलेले बेडूक बघितले, तोंडाला रुमाल लावला आणि 'एक फोन करून येतो' म्हणून जे बाहेर गेले, ते बराच वेळ भिंतीआड हसत होते.

हवालदारांनी फिर्याद घेतली नाही. वहीत एक ओळ तेवढी लिहिली आणि मला वाचून दाखवली: "फिर्यादीचा चोरीस गेलेला माल फिर्यादीच्याच टबात मिळून आला. मधल्या काळात माल मोठा झाला."

दुपारी अकराही जणांना बोडीवर सोडलं. टुणकन, टुणकन, एकेक पाण्यात! लक्ष्मणरावकाका पाळीवर बसून मनापासून टाळ्या वाजवत होते. मलाही हसू आवरेना. पोटच्या पोरांना शाळेत सोडून आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी आलो तर संपादकांचा फोन. खुलासा हवा, संध्याकाळपर्यंत, माझ्या नावानं. तीस वर्षांत पहिलाच! लिहायला बसलो. 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं लिहिलं, खोडलं. 'हवामानातील बदलामुळे' लिहिलं, तेही खोडलं. चार कागद फाडले.

शेवटी ठाण्यात फोन लावला.

"हवालदारसाहेब, ती मघाची ओळ जरा परत वाचता का? हळू वाचा, लिहून घेतो."