चार वीत, दोन बोटं

आमच्या खोऱ्यात मुलगी सासरी निघते ती आत्याच्या हातचा बिलुम घेऊन. बिलुम म्हणजे दोरीची विणलेली झोळी. पट्टा कपाळावर, झोळी पाठीवर. तो नसेल तर मुलीचं मोल म्हणून सासरने धाडलेली डुकरं दारात येऊन उभी राहिली तरी मुलगी हलत नाही. माझी रुकिंत आत्या चाळीस वर्षं बिलुम विणते आहे. तोंडाची फटकळ, हाताची अचूक. कपाळापासून डोक्यावरून मागे कंबरेपर्यंत दोरी धरते आणि वितीने मोजते. पाच वीत भरली की बाई झाली, असा तिचा हिशेब.

माझी धाकटी बहीण सिपोरा चार वीत आणि दोन बोटं भरली होती. मला पक्कं माहीत आहे, कारण दोरीचं दुसरं टोक मी धरलं होतं. आत्याचा हात थबकला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी अंगणाकडे पाहिलं. तिथे आमचे वडील सासरहून आलेली डुकरं खुंट्यांना बांधून घेत होते आणि येणारा-जाणारा वडिलांची पाठ थोपटत होता.

"वाढेल गं पोर तिकडे," आत्या म्हणाली आणि पट्टा आखूड विणला.

मी गप्प बसले. तेव्हा मी नर्सचं शिकत होते. कोवळ्या अंगाची पोर बाळंतपणात कशी अडते, हे आत्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

दीड वर्षाने सिपोरा तीन दिवस अडली. मूल मेलेलं आलं आणि तेव्हापासून तिची लघवी थांबेना. घराला वास येतो म्हणत नवऱ्याने तिला परत धाडली. मुलगी परत आली की डुकरं परत द्यावी लागतात; ती कधीच भाजून खाल्ली होती, म्हणून वडिलांनी दार लावून घेतलं. आत्याने तिला आपल्या घरी नेलं. शहरातल्या दवाखान्यात मी तिला घेऊन गेले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, ती बरी झाली. पण चार माणसांत येऊन बसायची नाही ती नाहीच.

तेव्हापासून आत्या माप चारचौघांत घेते. कमी भरलं की विणत नाही, आणि बाप ऐकत नसेल तर पोरीला घरीच ठेवून घेते. तिघी अशा शाळेत परत गेल्या. चौथीच्या बापाने दुसरीकडून बिलुम आणला. तिचं नाव निघालं की आत्या जेवत नाही.

परवा आत्याचा धाकटा भाऊ, आमचा नेपिलकाका, आपल्या तेरा वर्षांच्या लेकीला, डेल्माला, घेऊन आला. आत्याने मोजलं.

"चार वीत, दोन बोटं. घरी ने तिला."

"अगं, डुकरं ठरलीत! माझी अब्रू काय राहील?"

"डुकरांवर अब्रू असेल तर तूच जा नांदायला."

काका भडकला. "सिपोराला बरा विणून दिलास! थोरल्या भावाचा मान राखलास, आणि माझ्या वेळेला तुला माप सुचतंय?"

आत्या मापाची दोरी गुंडाळू लागली. तेवढ्यात चुलीमागून सिपोरा बाहेर आली. हातात तिचा तोच जुना बिलुम होता, रंग उडालेला. भरल्या अंगणात येऊन तिने तो डेल्माच्या कपाळाला लावला आणि पाठीवर सोडला. तो बरोबर कंबरेला टेकला.

"नवा कशाला, काका? हाच ने," सिपोरा म्हणाली. "मला बसला होता, हिलाही बसला."

झोळी लेकीच्या कंबरेला टेकली होती तिथे काकाने हात लावून पाहिला. मग त्याने स्वतःच्या हाताने पट्टा लेकीच्या कपाळावरून उतरवला. "डुकरं नको म्हणून सांगतो त्यांना," एवढंच पुटपुटला.

आत्या सिपोराजवळ गेली. "माझं माप तेव्हाही चुकलं नव्हतं गं, सिपोरा. मला कळलं होतं."

"ठाऊक आहे," सिपोरा म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं.

या वेळी मी नजर दुसरीकडे वळवली नाही. "मलाही कळलं होतं," मी म्हणाले.