दादाने मुरवलेलं पाणी

आम्ही दादाला पोचवून घरी येईपर्यंत आत्याने त्याचं पाणी ओतून टाकलं होतं.

तिची काही चूक नाही. माणूस गेला की घरात भरून ठेवलेलं पाणी ओतून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. कळशी, माठ, बादल्या, सगळं रिकामं.

फक्त त्या निळ्या पिंपातलं पाणी आमचं नव्हतं. दादाच्या माशांचं होतं.

आज दादाचं तेरावं झालं, म्हणून लिहायला बसलेय. आजारपणाबद्दल फार लिहिणार नाही. किडन्या गेल्या, डायलिसिस चाललं, मग तोही गेला.

लालबागच्या आमच्या खोलीत टीव्हीच्या जागी फिशटँक आहे. टीव्ही दादाने माळ्यावर टाकला, तेव्हा आईने त्याच्याशी अबोला धरला होता.

टँकमध्ये अपिस्टोग्रामा. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा आणि नाव हे असलं.

याची मादी कपारीत अंडी घालते. आमच्याकडे कपार म्हणजे करवंटी. आईचा नारळ खवून झाला की दादा करवंटी पळवायचा आणि तिला छोटंसं दार कापायचा. अंडी घातली की मादी हळदीसारखी पिवळी होते आणि नवऱ्यालाही जवळ फिरकू देत नाही.

नखरे पाण्याचे. नळाचं पाणी पिंपात मुरवायचं, त्यात बदामाची गळलेली सुकी पानं टाकायची. हळूहळू कोऱ्या चहाचा रंग येतो. नळाचं ताजं पाणी थेट घातलं तर पिल्लं जगत नाहीत.

कितीदा अंडी बुरशी लागून फुकट गेली. या वेळी अंडी फुटून पिल्लं निघाली. आणि पोहायला लागायच्या आधीच दादाला ॲडमिट करावं लागलं.

जाताना मला म्हणाला, "उगाच टँकमध्ये हात घालू नकोस. त्यांची आई आहे तिथे."

तर स्मशानातून आलो, आंघोळ केली आणि टँककडे बघितलं. अर्धा रिकामा. फिल्टर हवा ओढत घरघरत होता.

"आत्ये, यातलं पाणी?"

"ता पण मी काढूक लागललंय," आत्या म्हणाली. "पण बाये, त्या पिवळ्या मासळीन माझ्या तांब्यार झडप घातल्यान! एवढीशी ती, पण काय तिचो राग! मगे माका तिची पोरां दिसली. म्हणान थांबलंय."

तोपर्यंत मी रडले नव्हते. तिथे रडले, चाळीला ऐकू जाईल असं. ही भावासाठी नाही, पाण्यासाठी रडतेय म्हणून बायका बघत राहिल्या.

बघू देत.

मग दादाचा फोन उघडला. त्याच्या मासेवाल्या ग्रुपवर मेसेज टाकला. "संजय आज गेला. मी त्याची बहीण. टँकमध्ये पिल्लं आहेत. मुरवलेलं पाणी संपलंय."

सुतकाच्या घरी लोक पिठलं-भात घेऊन येतात. आमच्याकडे त्या संध्याकाळी लोक कॅन घेऊन आले.

घोडपदेवहून मिलिंद आला, स्कूटरवर पायाशी कॅन ठेवून. ठाकूरद्वारहून एक नवरा-बायको आले, हातात बाटल्या. शिवाजी पार्कचे एक रिटायर्ड काका जिने चढून आले आणि इतके दमले की बराच वेळ नुसतं कॅनकडे बोट दाखवत राहिले.

सगळ्यांच्या पाण्याचा रंग एकच. सगळ्यांनी पहिली जोडी दादाकडून नेली होती आणि पाणी करायलाही त्यानेच शिकवलं होतं.

"मी सकाळी फिरताना बदामाची पानं वेचतो," काका म्हणाले. "ग्राउंडवरचे लोक मला वेडा समजतात. सगळे तुझ्या भावाचे उपकार."

पण हे पाणी एकदम ओतायचं नसतं, पिल्लांना सोसत नाही. मिलिंदने विचारलं, "ताई, सलाइनची नळी मिळेल का घरात?"

आमच्या घरात नाही मिळणार तर कुणाच्या?

कॅन कपाटावर चढवला, नळी सोडली. थेंब थेंब पाणी टँकमध्ये पडायला लागलं. आम्ही सगळे खाली बसून बघत राहिलो.

किडनीच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं, हे तुमच्यातल्या काहींना माहीत नसेल. दादाला दिवसाची एक बाटली. चहा त्यातच, आमटी त्यातच. ती बाटली मी भरायचे आणि कपाटात ठेवून द्यायचे. उन्हाळ्यात तो ओठ चाटत बसायचा. मला "जेलर" म्हणायचा. मी ऐकून घ्यायचे, पण बाटली काढायचे नाही.

मिलिंद चाचरत म्हणाला, "ताई, राग नको मानू हां. दादा आमच्याकडचं पाणी चेक करायला यायचा ना, तर मीटर-बिटर काय नाय. बोट बुडवायचा, जिभेला लावायचा. परत बुडवायचा. मी बोललो, दादा, किती वेळा टेस्ट करतो रे? तर बोलतो, डॉक्टरने घोट मोजायला सांगितलेत, बोटं नाय."

सगळे हसले. आई पण. मीही हसले, आणि मग मला तिथे बसवेना. उठून गॅलरीत गेले.

एवढं पिंपभर पाणी करणारा माझा भाऊ. आणि त्याची तहान बोटावर भागत होती.

अंधार पडेपर्यंत टँक भरला. पिवळी पिल्लांना घेऊन करवंटीबाहेर आली. ती थांबली की पिल्लं थांबायची, ती निघाली की मागोमाग निघायची. आत्या काचेला नाक लावून बसली होती. "शाबास गे बाये," एवढंच म्हणाली.

थोडी पिल्लं गेली. बरीच जगली. मिलिंद एक दिवसाआड येऊन बघून जातो. नवीन पाणी मी मुरत घातलंय.

दादा, तुझी पिल्लं पोहतायत रे. तू बघायला हवा होतास.

तुला घरून नेताना सगळ्यांनी तोंडात पाणी घातलं. माझी पाळी आली तेव्हा माझा हात सवयीने आखडला. मी थोडंसंच घातलं.

आता जिथे असशील तिथे पोटभर पी, दादा.

मी मोजणार नाही.